मदत हवी आहे: ओव्यांच्या संशोधनासाठी फेलोशिप

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण मराठीत एम.ए. झाली आहे. मावळातल्या आमच्या आजी-मावश्यांच्या जात्यावरच्या ओव्या ती मोबाइलवर रेकॉर्ड करते. गाणाऱ्या बहुतेक सत्तरीपुढच्या, म्हणून घाई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमल्या, त्यातल्या कितीतरी आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिला याच वाटेने जायचंय.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप कोणी घेतली आहे का? ओव्यांचं काम कोणत्या विषयाखाली दाखवलंत? मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत संशोधनाला वाव कितपत आहे, की भर सादरीकरणावरच?

आणि गाणाऱ्या बायकांच्या लेखी संमतीचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर कृपया द्या. ओवीसोबत गाणारीचं नाव राहिलंच पाहिजे.