प्रतिसाद: चवदार तळ्यावर मोडलं काय होतं?

'कायदा मोडून कायदा बदलत नाही, कोर्टात जा' असं सत्याग्रहाबद्दल म्हटलं जातं, त्याला हा माझा प्रतिसाद. महाडचं उदाहरण पाहा. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव केला, महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तो मान्य केला. तरी दलितांना तिथल्या चवदार तळ्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो लोक ते पाणी प्यायले, तेव्हा मोडली ती रूढी. कागदावरचा हक्क त्यांच्याच बाजूने होता! नंतर मारहाण झाली आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, पण कोर्टाचा मनाईहुकूम आल्यावर बाबासाहेबांनी तो थांबवला. जमलेली माणसं तयार असताना हे सोपं नव्हतं. मला त्यांचा हा निर्णय फार मोठा वाटतो. तळ्याच्या हक्काचा तो दावा बाबासाहेबांनी थेट 1937 मध्ये हायकोर्टात जिंकला.

म्हणजे कोर्ट हवंच, पण लोक तळ्यावर गेलेच नसते तर दावा उभा राहिला असता का? भेदभावाला मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये विहिरी आणि तलावांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामागे महाड आहे असं मी मानतो.