उत्सीरा दीपगृह : आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही स्टाव्हांगरला राहतो. आई रत्नागिरीहून आलीय, वय 71, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा. तिला नॉर्वेचं जुनं दीपगृह बघायचंय, म्हणून उत्सीरा बेट ठरवतोय. 1844 साली तिथे टेकडीवर दोन दगडी मनोरे शेजारी शेजारी उभारले. रात्री दोन दिवे दिसले की हे उत्सीराच, अशी खूण. 1890 पासून मात्र एकच पेटतो. दिवा समुद्रापासून जवळपास 78 मीटर उंचावर, म्हणजे धक्क्यापासून चढ आलाच!

कोणी जाऊन आलंय का? हाउगेसुंडहून बोट साधारण सव्वा तास घेते. सप्टेंबरअखेर ती किती हलते? (आईने आलेपाकाची डबी आत्ताच पर्समध्ये टाकलीय. मला ओकारीची जास्त भीती आहे, तिला नाही.) धक्क्यावरून वरपर्यंत गाडी मिळते की चालतच जायचं? मनोऱ्यात आतून चढू देतात का, आणि जिना किती उभा आहे? वारा सुटून परतीची बोट रद्द झाली, तर बेटावर रात्री राहायची सोय आयत्या वेळी होते का? शाकाहारी जेवणाचंही सांगा, नाहीतर थालीपीठं बांधून नेतो.