लंकावी आणि सिंगापूर: चार मित्रांची संध्याकाळ परवडेल का?

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. आम्ही चार शाळूसोबती, सगळे साठी ओलांडलेले, डिसेंबरात मलेशिया-सिंगापूरला निघालोय. बायका बरोबर नाहीत. त्या हंपीला चालल्यात आणि त्यांचं बजेट आमच्यापेक्षा मोठं आहे, पण तो विषय वेगळा. आधी लंकावी, मग सिंगापूर, तिथून मुंबई आणि रात्रीच्या गाडीने पुणे. तारखा ठरल्यात, तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.

प्रश्न संध्याकाळचा आहे. आमच्यातला एक जण मुलाकडे सिंगापूरला राहून आलाय. तो सांगतो, नदीकाठच्या बारमध्ये बिअरच्या एका पाइंटला, म्हणजे मोठ्या ग्लासाला, सोळा सिंगापूर डॉलर मोजले, वर बिलात आणखी काहीबाही चढवलं. म्हणजे एका ग्लासाला हजाराच्या वर! आमचं पिणं बेताचं आहे. माणशी दोन बिअर, एखाद्या दिवशी व्हिस्की. पण बसणं मात्र रोजचं, त्यात तडजोड नाही.

माझा बेत असा: लंकावी ड्यूटी फ्री बेट आहे, तिथून माणशी दोन लिटर घ्यायची आणि सिंगापूरला न्यायची. जमेल का? ‘मुळात प्यायचीच कशाला’ हा सल्ला कृपया नको, तो घरी फुकट मिळतो.

बावधनचा_दर्यावर्दी
काका, बेत उत्तम, फक्त दिशा उलटी. मलेशियाहून सिंगापुरात शिरणाऱ्याला दारूची ड्यूटी फ्री सवलतच नाही. बसने या नाहीतर विमानाने या, नियम तोच. सवलत हवी तर दुसऱ्या देशातून यायचं आणि त्याआधीचे 48 तास सिंगापूरबाहेर काढलेले असायचे.

तिकिटं काढली नाहीत ना? मग आधी सिंगापूर करा, लंकावी नंतर. मुंबईहून थेट उतरलात की माणशी दोन लिटर बिनधास्त. पण त्यातली हार्ड एकच लिटर धरतात, उरलेली एक लिटर वाईन किंवा बिअर. चौघांच्या मिळून चार बाटल्या व्हिस्की झाल्या, तुमच्या ‘बेताच्या’ पिण्याला पुरून उरतील. चांगी विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळच दुकान आहे, उतरल्यावर तिथेही घेता येते.

तिथे महाग का, तर बिअरवर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 60 डॉलर अबकारी कर आहे, व्हिस्कीसारख्या मालावर 88. बिअरमध्ये पाच टक्के अल्कोहोल धरलंत तर 320 मिलीच्या साध्या कॅनमध्ये जवळजवळ एक डॉलर नुसता सरकारचा. तरी दुकानात तो कॅन तीन डॉलरच्या आसपास मिळतो. सोळा होतात ते खुर्चीचे आणि नदीच्या वाऱ्याचे. मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की सावध व्हा: 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 9 टक्के जीएसटी. सोळाचे एकोणीस होतात. तुमच्या मित्राचं ‘काहीबाही’ ते हेच.

लंकावी 1987 पासून करमुक्त आहे. कुआ गावात आणि चेनांग किनाऱ्याजवळ दुकानंच दुकानं. बिअरचा कॅन मलेशियाच्या चलनात तीन-चार रिंगिट, म्हणजे आपल्याकडच्या वाईन शॉपपेक्षाही स्वस्त. बसायला चिनी हॉटेल बघा. मुस्लिम खानावळीत जेवण झकास, पण तिथे बिअर मागू नये.

सेंगकांगची_आई
मुलगी सिंगापूरला असते म्हणून जाणं-येणं आहे. आमचे हे आणि जावईबापू बारमध्ये जातच नाहीत, हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाड्या एका छपराखाली असतात तिथे, बसतात. तिथे बिअर विकणाऱ्या बायका टेबलापाशी येतात, सगळे त्यांना बिअर आंटी म्हणतात. मोठी बाटली, आपल्या साडेसहाशेच्या मापाची, आठ-नऊ डॉलरला. बर्फ घालून पितात, नाक मुरडू नका, त्या दमट हवेत बरं वाटतं. शेजारच्या गाड्यावरून साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मटण-चिकन, आणायचं, चखण्याचा प्रश्न मिटला. मी उसाचा रस घेते.

एक मात्र लक्षात ठेवा. रात्री साडेदहा ते सकाळी 7 दुकानात दारू विकत नाहीत आणि त्या वेळात रस्त्यावर, बागेत पिणंही गुन्हा आहे. दंड हजार डॉलरपर्यंत. पुण्याची मंडळी हटकून लिटल इंडियात, तिथल्या भारतीय वस्तीत, उतरतात, तिथे आणखी कडक: शनिवारी सकाळी 7 पासून सोमवारी सकाळी 7 पर्यंत उघड्यावर पिण्याला बंदी. ‘तिथल्या मुस्तफा दुकानातून कॅन घेऊ आणि बाकावर बसू’ हे शनिवारी-रविवारी चालायचं नाही.

एक_क्वार्टर_कमी
हंपीच्या बजेटबद्दल जरा विस्ताराने लिहा ना काका.

औंधकर_भटक्या
वरचं सगळं बरोबर. माझं म्हणणं स्वस्ताच्या दुसऱ्या टोकाबद्दल. किनाऱ्यावर बादलीत भरून कॉकटेल देतात, बाटली कुठली ते दिसत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. 2018 मध्ये क्वालालंपूरच्या परिसरात बनावट दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल निघालं आणि कितीतरी माणसं दगावली. त्यात गरीब परदेशी मजूर पुष्कळ होते. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगला त्यानेच सहा पर्यटक दगावले. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही. सीलबंद बिअर पिणाऱ्याला ही भीती नाही, आणि लंकावीत तीच सगळ्यात स्वस्त आहे.

परतताना भारतात माणशी दोन लिटरच चालते, त्यात बिअरही धरली. मुंबईला उतरल्यावर घेतलेली बाटलीही त्याच दोन लिटरांत. चेक-इन बॅगेत न्यायची तर कपड्यांत गुंडाळा. 70 टक्क्यांच्या वरची कडक चीज विमानात चालतच नाही.

कर्वेनगरी
सगळ्यांचे आभार. चौघांची फोनवर बैठक झाली, सिंगापूर आधी असा ठराव पास. बर्फाला एका सभासदाचा विरोध आहे, तो नोंदवून घेतला. दर्यावर्दी, एकच शंका: लंकावीची बाटली घेऊन क्वालालंपूरमार्गे मुंबईला यायचं तर मध्ये कुणी अडवतं का?

बावधनचा_दर्यावर्दी
बेटावरून मलेशियाच्या मुख्य भूमीवर करमुक्त माल न्यायचा तर लंकावीत 48 तास मुक्काम झालेला लागतो. म्हणजे तिथे निदान दोन रात्री धरा, तीन धरल्यात तर उत्तम. पावती बाटलीबरोबरच ठेवा. आणि क्वालालंपूरला विमान बदलणार असाल तर बाटली हातातल्या पिशवीत नको, हातसामानात 100 मिलीच्या वर द्रव नको या नियमात अडकेल. मोठ्या बॅगेत टाका.

हंपीचं मलाही ऐकायचंय.