रिव्हरसाइडला घर बघतोय, हे नक्की ‘गाव’ आहे का?

प्रति: मराठी मंडळाची ईमेल यादी

मंडळी, नमस्कार.

आम्ही सध्या अरोराला भाड्याने राहतो. यांचं ऑफिस शिकागो डाउनटाउनला, म्हणून त्याच रेल्वे लाइनवर पण शहराच्या जवळ घर शोधतोय. रिव्हरसाइडमधलं एक जुनं घर मनात भरलंय. कागदांवर सगळीकडे ‘व्हिलेज ऑफ रिव्हरसाइड’ असं आहे. ठाण्याहून सासूबाई विचारत होत्या, “म्हणजे तिथे ग्रामपंचायत असते का?” मला नीट सांगता आलं नाही. कर कोण घेतं, शाळा कोणाच्या ताब्यात, तक्रार कुठे न्यायची? आणि तिथले रस्ते असे का वळतात? दोनदा गेलो, दोन्ही वेळा स्टेशन शोधत फिरलो.

तिथे राहणारं कोणी असेल तर कृपया लिहावं.

— अरोराची नवीन सभासद

---

उत्तर: रिव्हरसाइडला घर बघतोय

ताई, नमस्कार.

अठ्ठावीस वर्षं इथे राहतोय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. इलिनॉयमध्ये ‘व्हिलेज’ हा कायद्यातला शब्द आहे, शेतीवाडीशी त्याचा संबंध नाही. आपली इतकी माणसं राहतात ते शॉमबर्ग सत्तर हजारांच्या वर वस्तीचं, तरी तेही व्हिलेजच. रिव्हरसाइड मात्र आकारानेही गाव आहे. जेमतेम दोन चौरस मैल जागा आणि 2020 च्या जनगणनेत सुमारे 9,300 माणसं. पूर्वेला हार्लेम अव्हेन्यू आणि पलीकडे बर्विन, दक्षिणेला लायन्स, पश्चिमेला ब्रुकफील्ड, उत्तरेला नॉर्थ रिव्हरसाइड. मधून डेस प्लेन्स नदी मोठा वळसा घेते.

रस्त्यांचं म्हणाल तर ती वळणं मुद्दाम आखलेली आहेत. रेल्वे 1860 च्या दशकात इथून गेली आणि एका कंपनीने नदीकाठची 1,600 एकर जमीन घेतली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे ओल्मस्टेड आणि वॉक्स यांच्याकडून 1869 मध्ये गावाचा आराखडा करून घेतला. ओल्मस्टेड यांचं म्हणणं असं की सरळ रस्ता माणसाला घाई करायला लावतो, वळणाचा रस्ता निवांत करतो. घर रस्त्यापासून तीस फूट आत हवं आणि पुढे एक-दोन झाडं जगवलेली हवीत, हीसुद्धा त्यांचीच अट. एकदा बर्विनकडून चालत या. तिथे फूटपट्टीने आखल्यासारख्या गल्ल्या, आणि हार्लेम ओलांडलं की रस्ता हळूच वाकतो, पुढचं घर झाडांमागे जातं. संध्याकाळी गॅसचे दिवे लागतात, अजूनही गॅसचेच. मी रोज पाहतो, तरी दर वेळी पाऊल सावकाश पडतं.

पुढे 1871 ची शिकागोची आग आणि 1873 ची मंदी यांत ती कंपनी बुडाली. लोकांनी 1875 मध्ये रीतसर व्हिलेज स्थापन केलं. स्टेशनजवळचा जलमनोरा 1871 चा, विल्यम ल बॅरन जेनी यांचा. वाट चुकली तर तो शोधायचा. 1970 मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आता कारभार. एक अध्यक्ष आणि सहा विश्वस्त, मिळून सात जणांचं बोर्ड. आपल्याकडच्या सगळ्यात लहान ग्रामपंचायतीतही सदस्य सातच. सगळे गावाच्या मतांनी चार वर्षांसाठी येतात, निवडणूक विषम वर्षी एप्रिलमध्ये. रोजचं काम व्हिलेज मॅनेजर पाहतो. त्याला ग्रामसेवकासारखं समजा, पण एक मोठा फरक आहे. ग्रामसेवक जिल्हा परिषदेकडून येतो, इथला मॅनेजर बोर्ड नेमतं आणि बोर्डच काढू शकतं. माझे वडील वाळव्याकडच्या एका गावात सदस्य होते. ग्रामसेवकाची बदली झाली की सहा महिने कामं अडायची आणि सरपंचाच्या हातात काहीच नसायचं. म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते.

कराचं बिल एकच येतं, काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), वर्षात दोन हप्त्यांत. पहिला हप्ता आदल्या वर्षीच्या एकूण बिलाच्या 55 टक्के असतो. पण बिल उलगडून वाचा. त्यात व्हिलेज, टाउनशिप (काउंटीचा एक लहान भाग), काउंटी, सांडपाण्याचं खातं, प्राथमिक शाळांचा जिल्हा 96, हायस्कूलचा जिल्हा 208 असे सगळे वेगवेगळे वाटेकरी दिसतील. सर्वांत मोठा वाटा शाळांचा. शाळांची बोर्डं वेगळी निवडून येतात, त्यामुळे शाळेची तक्रार व्हिलेजकडे नेऊन उपयोग नाही. राहत्या घराची सवलत मात्र मिळत असेल तर अर्ज करून घ्याच.

आणि एक कळकळीने सांगतो. मत द्यायला नागरिकत्व लागतं, बोर्डाच्या बैठकीत बोलायला नाही. राज्याचा उघड्या बैठकांचा कायदा आहे. विषयपत्रिका 48 तास आधी लावावी लागते आणि कोणालाही बोलू द्यावं लागतं, व्हिसा कुठलाही असो. आपली माणसं वीस-वीस वर्षं राहतात, कर भरतात, आणि त्या सभागृहात एकदाही पाऊल टाकत नाहीत. ताई, घर घेण्याआधीच एका बैठकीला जाऊन या.

— रिव्हरसाइडचे काका

---

उत्तर: उत्तर: रिव्हरसाइडला घर बघतोय

काकांनी छान लिहिलंय, पण नदीबद्दल एकच ओळ लिहिली, म्हणून मी लिहिते.

एप्रिल 2013 मध्ये डेस प्लेन्सला या भागातला विक्रमी पूर आला. आमचं घर काठापासून दोन गल्ल्या आत. नदी दारात आली नाही, पाणी तळघरातल्या मोरीतून वर आलं. रात्री अडीचला खाली गेले तर पायरीवर कपड्यांच्या साबणाचा डबा तरंगत होता. मुलांच्या बालपणीचे अल्बम सगळ्यात खालच्या फळीवर होते. पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. माझं माहेर सांगलीचं. 2019 ला आईच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तिने फोनवर सांगितलेला वास मला माहीत होता.

म्हणून ताई, तीन गोष्टी बघा. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा असते, लाल म्हणजे शंभर वर्षांच्या पुराची. इथेही शंभर वर्षांच्या पुराचे सरकारी नकाशे आहेत. त्यात घराचा नंबर टाकून पाहा, पण रेषेबाहेर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, आम्हीही बाहेरच होतो. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि तळघरातला पंप वीज गेल्यावरही चालतो का, ते स्वतः चालवून बघा.

कोणी म्हणेल, 2012 मध्ये नदीवरचं हॉफमन धरण काढलं, आता काळजी नाही. ते काढलं नदी वाहती व्हावी, मासे वर जावेत म्हणून. आता तिथे बगळे उभे असतात, बघून फार बरं वाटतं. पण पूर त्यानंतरच्या वर्षीच आला.

घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. आम्ही अजून तिथेच आहोत.

— तुमची काकू

---

उत्तर: उत्तर: उत्तर: रिव्हरसाइडला घर बघतोय

काका, काकू, मनापासून आभार.

मंगळवारी विषयपत्रिका पाहिली आणि बैठकीला जाऊन आले. टाउनशिप हॉल 1895 चा आहे म्हणे, लाकडी जिना पावलागणिक वाजतो. बोलणार नव्हते, पण नागरिकांची वेळ आली तेव्हा उठले. म्हटलं, मी अजून इथे राहत नाही, घर बघतेय, त्या गल्लीत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं का? कोणी हसलं नाही, कोणी तू कोण असंही विचारलं नाही. बैठक संपल्यावर एक कर्मचारी नकाशा घेऊन आले आणि त्यांनी ती गल्ली बोटाने दाखवली. नळ एकच आहे.

सासूबाईंना सांगितलं, हो, ग्रामपंचायत आहे आणि मी तिथे बोलून आले. त्या म्हणाल्या, “मग पंप बघून घे.”

शनिवारी जोराचा पाऊस सांगितलाय. एजंटला त्याच दिवशीची वेळ मागितली आहे. काकू, तुम्हाला जमेल का यायला? तळघरात काय बघायचं ते तुम्हालाच कळेल.

— अरोराची सभासद