जुन्या टूरिंग कॅराव्हॅनचा विमा: स्वस्त कोणता आणि आपल्याला लागू पडणारा कोणता?

प्रश्न: इंद्रायणीकाठ

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे लेस्टरजवळ राहतो. दर उन्हाळ्यात माझे सासू-सासरे पुण्याहून येतात आणि शाळेच्या सुट्टीत सहा माणसांसाठी कॉटेज भाड्याने घेणे आता आवाक्याबाहेर गेले आहे. म्हणून आम्ही एका विक्रेत्याकडे २०१६ सालची, सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेली टूरिंग कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, ११,००० पौंडांना ठरवली आहे. आमच्या सात आसनी गाडीला तिचे वजन झेपते, याची खात्री करून घेतली आहे. ताबा पुढच्या शनिवारी मिळेल.

अडचण विम्याची आहे. मी पाच कोटेशने काढली. सर्वांत स्वस्त १६८ पौंडांचे आहे आणि सर्वांत महाग ३९५ पौंडांचे, आणि दोन्हींवर ‘सर्वसमावेशक’ असेच छापलेले आहे. यजमानांचे म्हणणे असे की गाडीचा विमा आहेच, गाडीमागे जे ओढले जाते तेही त्यात येत असणार, मग निराळा विमा हवाच कशाला? त्यातून आमची वसाहत नवी असून घराच्या करारात दारासमोर कॅराव्हॅन उभी करू नये असे कलम आहे. त्यामुळे ती एक तर सात मैलांवरच्या स्टोरेजमध्ये ठेवावी लागेल किंवा ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आवारात. लेक डिस्ट्रिक्ट आणि वेल्स येथे तीन-चार फेऱ्या, आणि जमल्यास एकदा फ्रान्स, असा बेत आहे. यांतला कोणता विमा घ्यावा आणि हप्ता कमी करण्याचा सरळ मार्ग कोणता, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: दोर_आणि_खुंटी

ताई, आधी यजमानांच्या शंकेचे उत्तर देतो, कारण त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ब्रिटनमध्ये टूरिंग कॅराव्हॅनचा स्वतंत्र विमा काढण्याची कायद्याने सक्ती नाही. तिला निराळा रस्ता-कर नाही आणि वार्षिक एमओटी तपासणीही नाही. मागे पाटी लावायची तीसुद्धा गाडीच्याच क्रमांकाची. कॅराव्हॅन गाडीला जोडलेली असताना तिच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते बहुतेक गाडी-विम्यांच्या तृतीय पक्ष संरक्षणात येते, तरी आपल्या कागदावर तसे लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे. मात्र आपल्या स्वतःच्या कॅराव्हॅनचे नुकसान, तिची चोरी, आतल्या वस्तू यांपैकी काहीही त्यात येत नाही. आणि ज्या क्षणी ‘हिच’, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन यांचा जोड, सुटतो, त्या क्षणी गाडीच्या विम्याचा संबंधही बहुधा सुटतो.

हा शेवटचा मुद्दा आम्ही वेल्समधल्या एका उतारावरच्या कॅराव्हॅन-तळावर शिकलो. मी गाडी सोडवली, हँडब्रेक ओढला असे समजलो, आणि चाकांना ठोकळे लावण्याआधी मुलाने विचारलेल्या कसल्याशा प्रश्नाचे उत्तर द्यायला वळलो. कॅराव्हॅन अगदी सावकाश, एखाद्या म्हशीने गोठ्याकडे वळावे तशी मागे निघाली आणि शेजाऱ्यांच्या गाडीच्या दाराला टेकली. वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी होता, पण त्या दाराची दुरुस्ती १,४०० पौंडांना पडली. ती रक्कम कॅराव्हॅनच्या विम्यातल्या सार्वजनिक दायित्वाच्या, म्हणजे आपल्यामुळे झालेले दुसऱ्याचे नुकसान भरून देण्याच्या, कलमातून भरली गेली. गाडीच्या विमा कंपनीने वाहन जोडलेले नव्हते एवढे एकच वाक्य लिहून हात झटकले होते, आणि ते नियमाला धरूनच होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हप्त्यांची तुलना करण्याआधी कॅराव्हॅन कुठे उभी राहणार हे नक्की करा, कारण वर्षातले तीनशेहून अधिक दिवस ती तिथेच असणार आणि विमा कंपनीही धोका प्रामुख्याने त्याच जागेवरून मोजते. स्टोरेज घ्यायचे असेल, तर ते कासोआ या स्टोरेजचालकांच्या संघटनेचे सदस्य आहे का आणि त्याला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी कोणती श्रेणी आहे, हे विचारा. कुंपण, फाटक, कॅमेरे, प्रवेशाची नोंद अशा गोष्टी पाहून ही श्रेणी दिली जाते, आणि वरच्या श्रेणीला अनेक कंपन्या सवलत देतात. ओळखीच्या शेतावर भाडे वाचेल, पण काही कंपन्या उघडे आवार स्वीकारतच नाहीत, तर काही स्वीकारतात आणि वर जादा कुलपांची अट घालतात. भाडे आणि हप्ता यांची बेरीज करूनच दोन पर्याय ताडून पाहा. सुटा हप्ता पाहिला की फसगत होते.

अर्जात ठेवण्याची जागा म्हणून घराचा पत्ता मात्र चुकूनही लिहू नका. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन देणे ही आपली जबाबदारी आहे. चुकीचे उत्तर निष्काळजीपणाने दिलेले ठरले, तर दाव्याची रक्कम कापली जाऊ शकते. जाणूनबुजून दिलेले ठरले, तर विमाच रद्द होऊ शकतो.

उत्तर: खाते_वही

वरील सर्व मजकुराशी सहमत आहे. मी फक्त आकड्यांचे बोलते. १६८ आणि ३९५ यांतला बराचसा फरक बहुधा एकाच ओळीत असेल, आणि ती ओळ म्हणजे नुकसानभरपाईचा आधार. एका पद्धतीत ‘मार्केट व्हॅल्यू’ मिळते, म्हणजे चोरीच्या दिवशी तशा वयाची आणि तशा स्थितीतली कॅराव्हॅन बाजारात ज्या किमतीला मिळेल तेवढी रक्कम. दुसऱ्या पद्धतीत, ‘न्यू फॉर ओल्ड’मध्ये, तशीच कोरी कॅराव्हॅन घेण्याची किंमत धरतात. त्यामुळे विम्याची रक्कम आपण मोजलेल्या ११,००० पौंडांवर न ठरवता आजच्या नव्या मॉडेलच्या किमतीवर ठरवावी लागते, आणि हप्ता साहजिकच चढतो. ही सोय किती वर्षांपर्यंतच्या कॅराव्हॅनला द्यायची, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. २०१६ च्या जुन्या मालाला माझ्या मते मार्केट व्हॅल्यू पुरते. नवी कॅराव्हॅन हवी असती तर आपण नवीच घेतली असती.

रक्कम मात्र कमी लिहू नका. समजा कॅराव्हॅन, ऑनिंग (तिला बाहेरून जोडायचा तंबू) आणि मोटर मूव्हर (तिला गाडीविना सरकवणारे यंत्र) मिळून खरी किंमत १२,००० पौंड आहे आणि हप्ता वाचावा म्हणून आपण ९,००० लिहिले. मग वादळात फांदी पडून ४,००० पौंडांचे नुकसान झाले, तर ज्या विम्यात प्रमाणशीर कपातीचे कलम आहे तिथे कंपनी तीन चतुर्थांश धरून ३,००० च देईल, आणि त्यातूनही एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण सोसायचा हिस्सा, वजा करील. ४० पौंड वाचवण्यासाठी १,००० गमावण्याचा हा व्यवहार आहे. उलट स्वतःहून थोडा जास्त एक्सेस स्वीकारणे हा हप्ता उतरवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. किरकोळ ओरखड्यांसाठी आपण दावा करणारच नसू, तर १०० ऐवजी २५० पौंडांचा एक्सेस घेऊन पाहावा. कोटेशनमध्ये १२ टक्के विमा-कर धरलेला आहे की नाही, हेही पाहावे.

इंद्रायणीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. स्टोरेजला दूरध्वनी केला. त्यांना गोल्ड श्रेणी आहे आणि वर्षाचे भाडे ४८० पौंड आहे. आणखी दोन शंका आहेत. विक्रेत्याने सांगितले की पुढच्या कोपऱ्यात ‘किंचित ओल’ आहे, पण विमा घेतल्यावर तिची काळजी नको. हे खरे आहे का? आणि माझ्या नणंदेला आठवडाभर कॅराव्हॅन वापरायला दिली, तर चालते का?

उत्तर: पावसाळी_छत्री

ओलीबद्दल विक्रेत्याने जे सांगितले ते निखालस चुकीचे आहे, म्हणून ताबा घेण्याआधी हे वाचा. पाणी हळूहळू झिरपणे, कुजणे, झीज या गोष्टी जवळपास प्रत्येक कॅराव्हॅन विम्यात वगळलेल्या असतात; विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. ओलमापकाचे आकडे खोलीनिहाय लिहून मागा. साधारण १५ टक्क्यांपर्यंत निश्चिंत राहावे, २० च्या पुढे गेल्यास दुरुस्ती विक्रेत्याच्या खर्चाने करून घ्यावी किंवा किंमत उतरवून घ्यावी. दोन बोटांनी खिडकीखालचा कोपरा दाबून पाहा. भिजलेल्या बिस्किटासारखे दबले, तर ‘किंचित’ हा शब्द विसरा. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडाही पाहा. २३१६ असेल, तर तो टायर २०१६ च्या २३ व्या आठवड्यातला आहे, मग नक्षी कितीही शाबूत दिसो. कॅराव्हॅनचे टायर पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे तर नेऊच नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि वाहन रस्त्यावर चालवण्याजोगे ठेवण्याची अट विम्यात असतेच.

नणंदेला विनामोबदला देणे अनेक विम्यांत चालते, पण आधी विचारून लेखी घ्यावे. पैसे घेऊन भाड्याने देणे मात्र साध्या विम्यात चालत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. आमच्या विम्यात अट होती की कॅराव्हॅन सोडून जाताना हिच लॉक (जोडाचे कुलूप) आणि चाकाचा क्लॅम्प (चाक जखडणारे कुलूप), दोन्ही लावलेच पाहिजेत. एका नोव्हेंबरात, पाऊस कोसळत असताना, आम्ही स्टोरेजमध्ये तिला उभी केली. हिच लॉक लावले. क्लॅम्प लावायला चिखलात गुडघे टेकावे लागले असते, म्हणून तो पुढच्या पेटीत टाकला आणि ‘रविवारी येऊन लावू’ असे ठरवले. शुक्रवारी कॅराव्हॅन गेली. क्लॅम्पही तिच्याबरोबर गेला, कारण तो तिच्याच पोटात होता. कंपनीने पावत्या आणि दोन्ही कुलपांच्या सगळ्या किल्ल्या मागितल्या, क्लॅम्प कुठे होता हे विचारले, आणि दावा नाकारला. मी वित्तीय लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेकडे, गेलो; कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांत तिथे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथेही माझ्या विरुद्ध निर्णय झाला. राग खूप आला होता, पण अट पहिल्याच पानावर ठळक छापलेली होती, हे मला नाकारता आले नाही.

त्यामुळे ताई, पाचही कोटेशनांतील सुरक्षेच्या अटी काढा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: मुले रडत आहेत, सासूबाई थकल्या आहेत, अंधार पडला आहे, अशा वेळी यांतले कोणते कुलूप आम्ही खरोखर लावू? जे लावाल, त्याचीच अट असलेला विमा घ्या. सर्व्हिस स्टेशनवर चहासाठी थांबल्यावरही कुलूप लागते का, हे निराळे पाहा. काही कंपन्यांना लागते.

उत्तर: दोर_आणि_खुंटी

छत्री यांच्या अनुभवानंतर फार जोडण्यासारखे नाही. ताबा घेताना क्रिस या कॅराव्हॅन-नोंदणीचा कागद मागून घ्या आणि त्यावरचा १७ अक्षरी-अंकी क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. ही नोंदणी १९९२ पासून चालू आहे. गाडीच्या लॉगबुकासारखाच हा कागद असून नव्या मालकाचे नाव कळवावे लागते. क्रमांक जुळला नाही, तर विमा सोडा, कॅराव्हॅनच घेऊ नका.

फ्रान्ससाठी विम्यात युरोपातले किती दिवस धरले आहेत ते पाहा. रस्त्यात बंद पडल्यावर मदत देणारी सेवा कॅराव्हॅनही उचलून आणते का, हा निराळा प्रश्न आहे, तो त्या सेवेलाच विचारावा. यजमानांचा परवाना १९९७ नंतरचा असला तरी ओढण्याच्या वजनाची चिंता नको. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार-परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. कॅराव्हॅन आणि मोटरहोम क्लबाचा मागे-पुढे घेण्याचा एक दिवसाचा वर्ग करावा, काही कंपन्या त्याची सवलत देतात. सवलत नाही मिळाली तरी तळावर सगळ्यांच्या देखत कॅराव्हॅन आडवी करण्याची नामुष्की टळते.

इंद्रायणीकाठ

काल विक्रेत्याकडे जाऊन आलो. ओलमापकाचा पुढच्या उजव्या कोपऱ्यातला आकडा २४ निघाला. दुरुस्ती तो स्वतःच्या खर्चाने करून देणार आहे आणि ताबा दोन आठवडे पुढे गेला आहे. दोन्ही टायर २०१६ चेच होते, ते बदलून घेत आहोत. क्रमांक सगळ्या काचांवर जुळला.

१६८ पौंडांच्या विम्यात युरोप नव्हता, सार्वजनिक दायित्वाची मर्यादा सर्वांत कमी होती, आणि हिच लॉक, क्लॅम्प व ट्रॅकर (ठावठिकाणा कळवणारे उपकरण) या तिन्हींची सक्ती होती. ट्रॅकरची वार्षिक वर्गणी धरली, तर तोच महाग पडत होता. शेवटी २३१ पौंडांचा घेतला: मार्केट व्हॅल्यू, विम्याची रक्कम ऑनिंगसकट १२,०००, एक्सेस २५०, गोल्ड स्टोरेजची सवलत, युरोपात ९० दिवस, आणि कुलपे दोन. नणंदेला वापरू देण्याची परवानगी ई-मेलवर लेखी मिळाली. क्लॅम्प घरी मागवून दिवाणखान्यात सासऱ्यांकडून लावण्याचा सराव करून घेतला. पहिल्या वेळी अकरा मिनिटे लागली, काल रात्री तीन.