शब्दचर्चा : प्रसिद्ध, खासगी, ओळख, सलगी

धंतोली
मंडळी, एक शब्द हवाय. मी टोपणनावानं कथा लिहिते, बहुतेक दिवाळी अंकांत. आता शहरातल्या एका कार्यक्रमात कथावाचनाला बोलावलंय. पत्रिकेत छापायला आयोजकांनी ‘अल्पपरिचय’ मागितला आणि सोबत तक्ता धाडला. पूर्ण नाव, जन्मतारीख, मूळ गाव, शिक्षण, नोकरी, यजमानांचे नाव व व्यवसाय, अपत्ये, पत्ता, मोबाइल, फोटो. अगदी खाली ‘साहित्यसंपदा’साठी एक ओळ. नम्रपणे नाही म्हणायचंय, पण अडलंय ते शब्दावर. ‘खासगीपणा’ रुक्ष वाटतो. ‘गोपनीयता’ म्हटलं की काहीतरी लफडं असल्यासारखं. ‘एकांत’ मागावा तर लोक म्हणतील बाई संन्यास घेतेय. वाचक भेटायला आले तर मला आनंदच आहे. फक्त घर पत्रिकेत छापायचं नाही. याला मराठीत काय म्हणतात?

दफ्तरदार
ताई, ‘खासगी’ला इतक्या लवकर रजा देऊ नका. ‘खाजगी शाळा’, ‘खाजगी बस’ लिहून आपण त्याला बिगरसरकारी करून टाकलं, म्हणून तो रुक्ष वाटतो. (खासगी की खाजगी, हा वाद इथे नको. दोन्ही चालतात, पुढे चला.) मुळात तो फारसी-अरबीतल्या ‘खास’पासून आला, आणि खासच्या समोर उभा असतो ‘आम’. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास. दिवाण-ए-खास ही लपायची जागा नव्हती. कोणाला आत घ्यायचं ते ठरवून भेटायची जागा होती. होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब वेगळे असत. खासगीतून अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळं बांधली. काम साऱ्या जगासमोर, खातं मात्र स्वतःचं. तुम्हाला हेच म्हणायचंय ना?

बार रूम
दफ्तरदारांना दुजोरा, आणि ‘गोपनीयता’च्या बाजूनंही दोन शब्द. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं हा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ खाली मूलभूत ठरवला. दुसऱ्या दिवशीची मराठी वर्तमानपत्रं आठवा. कोणी ‘खासगीपणाचा हक्क’ लिहिलं, कोणी ‘गोपनीयतेचा अधिकार’. आमच्याकडे नागपूर खंडपीठातही वकील मंडळी दोन्ही बोलतात, कधी कधी एकाच वाक्यात. ‘गोपनीय’ ज्या गुप् धातूपासून आला त्याचा धातुपाठातला अर्थ आहे रक्षण करणे. लपवणं नंतर आलं. पण मंत्र्यांची पद आणि गोपनीयतेची शपथ, साहेबानं आपल्याबद्दल लिहिलेला गोपनीय अहवाल, यांनी त्या शब्दाला कपाटाचा वास लागला, हे मान्य.

धंतोली
अहवालाचं अगदी पटलं. आमच्या ऑफिसात त्या शब्दानं अजूनही माणसं दचकतात. पण दोन्ही शब्दांत मी काहीतरी *मागते* आहे असं होतं. आयोजक वयानं मोठे, चांगले आहेत. भिडेपोटी निम्मा तक्ता भरूनही झाला.

मास्तर
भीड भिकेची बहीण, ताई! तो निम्मा तक्ता पाठवू नका.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तुमच्या प्रश्नाची गाठ ‘खासगी’त नसून ‘प्रसिद्ध’मध्ये आहे. मराठीत कथा प्रसिद्ध होते आणि लेखकही प्रसिद्ध होतो. पहिल्या वाक्यात प्रसिद्ध म्हणजे छापून लोकांपुढे आलेली, दुसऱ्यात म्हणजे नावाजलेला. शब्द एकच, म्हणून आपण धरून चालतो की एक झालं की दुसरं ओघानं आलंच. कथा प्रसिद्ध झाली ना, मग आता तुम्हीही व्हा, जन्मतारखेसकट. ‘प्रकाशित’ पाहा कसा शहाणा आहे. पुस्तक प्रकाशित होतं, लेखक प्रकाशित झाला असं कोणी म्हणत नाही.

आणि जो या दुसऱ्या अर्थानं प्रसिद्ध व्हायला राजी नसतो त्याच्यासाठी आपल्याकडे केवढा थोरला शब्द: प्रसिद्धिपराङ्मुख. पराच् अधिक मुख, म्हणजे तोंड फिरवलेला. कवी बींना, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्त्यांना, हे विशेषण इतकं चिकटलंय की ते त्यांचं आडनाव वाटावं. विदर्भातलेच ते, १८७२ ते १९४७. ‘चाफा’ सगळ्यांना पाठ, गुप्ते कोणालाच ठाऊक नाहीत. मला मात्र हे विशेषण कधीच आवडलं नाही. ज्यानं कविता छापायला दिली त्यानं वाचकाकडे पाठ कशी फिरवली? तोंड वाचकाकडेच होतं, फोटोवाल्याकडे नव्हतं.

तर्री
मास्तर, मग टोपणनाव घ्यायचंच काहून? टोपण लावलं म्हणजे झाकलंच ना.

मास्तर
काय झाकलं ते बघ. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा मोठा भाऊ. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदचा मोठा भाऊ. नाव झाकलं आणि नातं पाटीवर लिहिलं! म्हणजे ताईंना जे नकोय नेमकं तेच. गडकऱ्यांची तर गंमतच. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला राम गणेश गडकरी. शेवटच्या दिवसांत ते आपल्या सावनेरला आले आणि २३ जानेवारी १९१९ ला तिथेच गेले. तीन नावं वापरली, पण लपले नाहीत. कोणत्या नावाला कोणता आवाज, हे वाचकाला आधीच कळावं एवढाच हिशेब.

बार रूम
मास्तर, हे सगळ्यांना लागू करू नका. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहीत होते. तिथे टोपणनाव म्हणजे अंगावरचं चिलखत. ठणठणपाळ या नावाआड जयवंत दळवींनी लेखकांच्या टोप्या उडवल्या, ती वेगळीच मोकळीक. आणि आपले ग्रेस? त्या नावात ना बाप, ना भाऊ, ना गाव. माणिक गोडघाटे म्हटलं तर नागपुरातही लोक ‘कोण?’ विचारतील. तुमचा नात्याचा सिद्धांत तिथे गारद.

मास्तर
गारद. पण केशवसुतांपुरता ठेवा.

तर्री
मी सांगतो ना ताई. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘ओळख’मध्ये आहे. आपल्याकडे ‘ओळख काढणं’ म्हणून एक कार्यक्रम असते. दोन अनोळखी माणसं गाडीत बसली की अजनी सोडून बुटीबोरी यायच्या आत झालंच समजा. कोण्या गावचे? कोणाकडचे? अमक्या मास्तरचे तुम्ही कोण? मग निघतेच काहीतरी. मामाचा साडू, नाहीतर काकूच्या माहेरचा शेजारी. विहिरीतून बादली काढावी तशी ओळख काढतात बाप्पा. त्यात वाईट काय? डबा उघडला की अर्धी पोळी तुमची.

इंदोरा
तर्रीभाऊ, ती अर्धी पोळी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ‘काय नाव?’ म्हटलं की मी नाव सांगतो. मग येतो पुढचा प्रश्न: ‘पूर्ण नाव?’ आडनाव सांगेपर्यंत समोरच्याचं तोंड एक असतं, सांगितल्यावर कधी कधी दुसरं. आडनावात ‘आड’ आहे खरा, पण गाव, जात, सगळं उघडं पाडायचं काम तेच करतं. त्यामुळे तक्त्यातली पहिली ओळ, ‘पूर्ण नाव’, ती ताईंना जाचक वाटली असेल तर आम्हाला ती लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या कित्येक जणांनी लिहिताना आडनाव गाळलं ते हौस म्हणून नाही. आणि कित्येकांनी मुद्दाम ठळक छापलं, तेही हौस म्हणून नाही. दोन्ही बरोबर. ठरवणार कोण, एवढाच प्रश्न आहे.

तर्री
बरोबर आहे दादा. मी हा विचार नव्हता केला.

मास्तर
इंदोरा, फार नेमकं. आता व्याकरणाच्या अंगानं पाहा. ‘मी त्यांना ओळखतो’ हे एकट्यानं करता येतं. ‘त्यांची माझी ओळख आहे’ याला दोघं लागतात. वाचक लेखिकेला *ओळखतो*. दहा वर्षं तिच्या कथा वाचल्या, तिची नायिका रागावली की ताटातलं मीठ बाजूला सारते हेही त्याला माहीत. पण त्याची तिची *ओळख नाही*. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात आणि गफलत इथेच होते. मनापासून वाचणाऱ्याला वाटतं, आता नुसती ओळख दाखवली की झालं. ती मात्र दारात परक्या माणसासमोर उभी असते.

वापर आणखी बघा. ओळख होते, करून देतात, वाढते, दाखवतात, ठेवतात, विसरतात. यांत ‘काढणं’ तेवढं समोरच्याला न विचारता होतं.

धंतोली
मास्तर, मीठ तुम्हाला आठवतं? मग तुम्हाला माझं टोपणनाव कळलं असणार. सांगू नका हं.

मास्तर
कशाला सांगू?

बार रूम
नागपूरचंच एक उदाहरण, वाद घालायला म्हणून. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे. त्यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावानं १९७२ साली पुस्तकरूपानं आला. कुसुमावतीबाई १९६१ मध्येच गेल्या होत्या, त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. वाचकानं त्या पत्रांवर जीव ओवाळला, मीही. पण पत्र खासगी म्हणजे कोणाच्या खात्यावर? लिहिणाऱ्याच्या की ज्याला आलं त्याच्या? दफ्तरदार, तुमच्या दौलत-खासगीत संयुक्त खातं असे का?

दफ्तरदार
नसे. आणि तिथे उत्तर द्यायला मी धजणार नाही. पत्रं वाचली आहेत, इतकंच.

मी आलो आहे दुसरा शब्द घेऊन: सलगी. आज आपण तो रागानं वापरतो. ‘फार सलगी करू नका’, म्हणजे पायरी सोडू नका. लगट आणि घसट यांच्या पंगतीत त्याला बसवून टाकलाय. पण रामदासांच्या नावावर असलेल्या, संभाजीराजांना लिहिलेल्या त्या पत्रात शिवरायांचं बोलणं कसं, चालणं कसं, हे सांगताना त्याच ओळीत ‘सलगी देणे’ कसं, तेही आठवायला सांगितलंय. लक्ष द्या: सलगी *देणे*. करायची नाही, द्यायची. ज्याच्याकडे लोक ओढीनं येतात त्यानं आपला आब राखून समोरच्याला किती जवळ येऊ द्यायचं, ही एक कला मानली होती. लेखकाला नेमकी हीच लागते. वाचकानं केलेली सलगी वेगळी, लेखकानं दिलेली वेगळी.

धंतोली
हा शब्द मी घेतला! ‘सलगी देणे.’

इंदोरा
ताई, घ्या, पण जपून. राजा देतो, रयत घेते. लेखक काही गडावर बसलेला नसतो. आमच्याकडे दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे बघा. लेखक स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसलेला असतो, घामाघूम. बाई येते, कडेवर पोर, पुस्तक उलटंपालटं करून विचारते, ‘तुम्हीच लिवलं का?’ हो म्हटलं की पदराच्या गाठीतून नोट काढते. मग स्वतःच्या गावची दोन वाक्यं सांगते. लेखक ऐकतो, पुस्तकावर तिच्या पोराचं नाव लिहून देतो. तिनं पत्ता विचारला नाही, त्यानं दिला नाही. याला कोण कोणाला सलगी देतंय म्हणायचं? मला यासाठी ‘भेट’ हा साधा शब्द पुरतो. भेट झाली आणि भेट दिली, दोन्ही त्यात आलं.

दफ्तरदार
‘भेट’ उत्तम आहे. पण घरी येऊन थडकणाऱ्याला थांबवायला ‘भेट’ कामाची नाही, तोही भेटायलाच आलेला असतो. तिथे सलगी लागते. आणि घर उघडून द्यायचं असेल तर त्याला ‘घरोबा’ आहेच. घरोब्याला वर्षं लागतात. पत्रिकेवर पत्ता छापून तो होत नसतो.

तर्री
‘दिली ओसरी, हातपाय पसरी’ होते ना मग.

बार रूम
मजकूर हवा असेल तर हा घ्या. आयोजकांना नाही म्हणायची गरजच नाही, तक्त्याऐवजी तयार परिचय पाठवा, ते खूश होतील, त्यांचं टंकन वाचलं. ‘(टोपणनाव) या नागपूरच्या कथालेखिका. दिवाळी अंकांतून कथा प्रसिद्ध. मध्यमवर्गी नोकरदार स्त्रियांचं जग हा त्यांच्या कथांचा मुख्य विषय. वाचनानंतर त्या श्रोत्यांशी बोलतील.’ खराच अल्प. एरवी आपल्याकडे अल्पपरिचय सुरू झाला की सभागृहातले लोक चहाला जाऊन परत येतात. फोटोच्या जागी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ द्या.

धंतोली
पाठवलं. ‘श्रोत्यांशी बोलतील’ हे वाक्य मी वर घेतलं, नागपूरच्या लगेच खाली. आता एक उपप्रश्न. अंकाच्या संपादकांमार्फत वाचकांची पत्रं येतात, मी उत्तरं देते. खाली काय लिहावं? ‘आपली नम्र’ म्हणजे वीजबिलाची तक्रार वाटते. ‘तुमचीच’ तर नकोच.

मास्तर
‘स्नेहांकित’ आहे, पण जरा लग्नपत्रिकेचं दिसतं. जुनं तेच बरं: ‘कळावे, लोभ असावा.’ लोभ इथे हाव नव्हे, माया. आणि ती मागताना पत्ता द्यावा लागत नाही.

तर्री
माझी आजी पोस्टकार्डात लिवायची, ‘लोभ आहेच, तो वाढावा.’ कार्ड दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, पण ही ओळ राहिली की कार्ड परत फिरवायची.

दफ्तरदार
आजीचं बरोबर. पूर्ण रूप ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती’. पण ताई, पहिल्याच पत्राला नको. पहिल्याला ‘असावा’ लिहा, तिसऱ्या-चौथ्याला ‘आहेच’वर या.