मदत हवी आहे: ऑगस्टच्या उन्हात आईला बुकचोनची वस्ती कशी दाखवावी?

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी आईला घेऊन दक्षिण कोरियातल्या सोलला जात आहे. ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधली बुकचोन ही जुन्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांची वस्ती पाहण्याची तिची फार इच्छा आहे. आमचे कोकणातले घर कौलारू असल्यामुळे, तिथल्या काळसर कौलांच्या वळणदार पागोळ्यांचे फोटो ती बोटांनी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहते.

अडचण वेळेची आहे. लोक तिथे आजही राहतात आणि गर्दीचा त्यांना खरोखरच त्रास होतो, म्हणून बुकचोन-रो ११-गिल या मुख्य चढाच्या भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळेत फिरता येते. मार्च २०२५ पासून हा नियम मोडणाऱ्यास १ लाख वॉन दंड आहे. नियम मला योग्यच वाटतो, पण नेमके तेच तास कडक उन्हाचे आणि दमट हवेचे, आणि आईचे वय ६८, गुडघे दुखरे.

आंगुक स्थानकावरून दहाच्या ठोक्याला पोहोचल्यास चढ कितपत झेपेल? वाटेत सावलीत बसायला जागा किंवा आत जाऊन लाकडी ओसरीवर टेकता येईल असे एखादे खुले हानोक आहे का? उन्हाळ्यात तिथे गेलेल्यांनी, विशेषतः ज्येष्ठांना सोबत नेलेल्यांनी, कृपया आपला अनुभव सांगावा.